ठाणे खाडीत १५ फुटी शिडाच्या होडीसाठी दिशादर्शक उपकरणे कोणती घ्यावीत?

धागाकर्ती : नेरुळची शीडवाली

नमस्कार. माझी १५ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची शिडाची होडी आहे. इंजिन नाही, वल्ह्यांची एक जोडी आहे. तळातून पाण्यात उतरवायची मधली फळी पूर्ण खाली सोडली की होडीला साधारण एक मीटर पाणी लागते आणि वर ओढून घेतली की वीतभर पाण्यातही ती तरंगते. ऑक्टोबर ते मे या काळात आम्ही नेरुळ, वाशी आणि बेलापूरच्या पट्ट्यात फिरतो. पुढच्या हंगामात घारापुरीपर्यंत, म्हणजे एका बाजूने सुमारे १० किलोमीटर, जाण्याचा विचार आहे. त्याआधी होडीवर कोणती उपकरणे असावीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोणत्या क्रमाने घ्यावीत, हे मला ठरवायचे आहे.

हा प्रश्न का पडला ते सांगते. गेल्या जानेवारीत, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, मी आणि माझा भाऊ दुपारी वाशीच्या पुलाकडे गेलो होतो. परतताना चार वाजता फळी चिखलाला लागली. सुटका व्हावी म्हणून मी फळी वर ओढली, तशी होडी वाऱ्याबरोबर आडवी सरकत आणखी उथळ भागात गेली आणि पाच मिनिटांत पूर्ण बसली. दुपारचा वारा वायव्येचा होता आणि त्याने आम्हाला नवी मुंबईच्या बाजूच्या चिखलावर नेऊन टाकले. उतरून चालण्याची सोय नव्हती, कारण पाय मांडीपर्यंत रुतत होता. पाणी पुन्हा होडीखाली यायला रात्रीचे अकरा वाजून गेले. त्या संपूर्ण वेळात फोनवर आमची जागा अचूक दिसत होती. नकाशावर मात्र आमच्या चारही बाजूंना सारखाच निळा रंग होता. रात्री आठच्या सुमारास फोनची बॅटरीही संपली.

घरी आल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, की चांगला चार्टप्लॉटर, म्हणजे सागरी नकाशावर होडीची जागा दाखवणारे यंत्र, घे. त्या रात्रीनंतर मला त्याची खात्री वाटत नाही. ज्यांनी या खाडीत प्रत्यक्ष होडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


प्रतिसाद १ : निवृत्त नौकाधिकारी, ठाणे

ताई, आपण फार नेमका प्रश्न विचारला आहे. मोठ्या जहाजावर तीस वर्षे काढलेल्या माणसालाही या खाडीत लहान होडी चालवताना पुन्हा मुळापासून शिकावे लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या त्या दुपारचा हिशेब मांडू या. द्वितीयेला भरती साधारण दीड वाजता पूर्ण होते. ओहोटीचे सहा तास धरले, तर पाणी दर तासाला सारखे उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन आणि शेवटी एक भाग, असा त्याचा ढोबळ क्रम असतो. त्या दिवशी भरती ४.२ मीटर आणि ओहोटी ०.६ मीटर होती असे उदाहरणादाखल मानले, तर एकूण उतार ३.६ मीटरचा. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १.८ मीटर पाणी आपल्या खालून निघून गेले. आपण नेमक्या तिसऱ्या तासात अडकलात. एका मिनिटाला दीड सेंटिमीटर या वेगाने पाणी उतरत असताना पाच मिनिटांचा उशीर पुरेसा होतो.

त्यामुळे उपकरणांच्या यादीत पहिली जागा मी भरती-ओहोटीच्या तक्त्याला देतो. देहरादूनचे नौदलाचे जलालेखन कार्यालय दरवर्षी तक्ते प्रसिद्ध करते आणि सागरी नकाशेही तेच छापते. नकाशावरची खोली ही अगदी नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. त्यात त्या घटकेची भरतीची उंची मिळवली की आपल्याखालचे पाणी मिळते. ज्या आकड्याखाली रेघ असते तो भाग ओहोटीला उघडा पडतो, आणि रेघेवरचा आकडा तो किती उंच उघडा पडतो हे सांगतो. आपल्या खाडीच्या दोन्ही काठांना असे उघडे पडणारे मोठमोठे पट्टे आहेत. आपल्या फोनवरच्या साध्या नकाशाला हा भेद ठाऊक नव्हता, म्हणून त्याने सगळे निळे दाखवले. मुंबई बंदरासाठी दिलेली वेळ नेरुळ-वाशीला जशीच्या तशी लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाणी खाडीत वर चढायला वेळ घेते. ठाण्याच्या बाजूला जितके आत जाल तितका उशीर वाढतो.

दुसरी जागा होकायंत्राची. डोलकाठीसमोर बसवलेले, तेल भरलेले, साधे होकायंत्र घ्यावे. मुंबईच्या आसपास चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे लहान होडीला तो हिशेबात धरण्याची गरज पडत नाही. मात्र त्याच्या हातभर अंतरात फोन, स्पीकर किंवा लोखंडी हत्यार ठेवू नये. फोनच्या पाकिटाचे चुंबकी झाकण सुई वीस अंशांनी सरकवताना मी पाहिले आहे.


प्रतिसाद २ : दिवाळे कोळीवाडा

ताई, काकांनी सांगितलेली वेळ आमच्याकडे कोणीही बोटांवर काढतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी जोरात ओढते. अष्टमी-नवमीला भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. शिकणाऱ्या माणसाने भांगाच्या दिवसांत फिरावे असे आम्हाला लहानपणी सांगितले जायचे. हा हिशेब ढोबळ आहे. तक्ता हाताशी असेल तर तक्ताच पाहावा, पण फोन आणि कागद दोन्ही भिजले तरी तिथी डोक्यात राहते.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही यंत्रावर दिसणार नाहीत. पहिली म्हणजे डोल जाळ्यांचे, म्हणजे वाहत्या पाण्यात रोवून लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट. ते ओळीने रोवलेले असतात आणि भरतीला पाण्याच्या पातळीत किंवा त्याखाली जातात. हंगामागणिक जागाही बदलते. तुमची मधली फळी किंवा सुकाणू त्यात अडकले तर होडीचेही नुकसान आणि जाळे लावणाऱ्याच्या पोटावरही पाय. निघण्याआधी धक्क्यावर विचारावे. कोणीही मोकळेपणाने सांगेल.

दुसरी म्हणजे चिखल किती घट्ट आहे हे. त्यासाठी आम्ही बांबू वापरतो. बारा फुटी बांबूवर दर फुटाला रंगाचा पट्टा मारावा. तो सरळ खाली सोडला की पाणीही कळते आणि तळही कळतो. वाळू असेल तर बांबू खणकन थांबतो, चिखल असेल तर आत जातो आणि वर ओढताना चिकटतो. जिथे बांबू चिकटतो तिथे थांबायचे नाही. उथळ पाण्यात माझा भाऊ नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून बांबू टाकतो आणि नुसता आकडा ओरडतो. सुकाणूवर बसलेल्याला मान वळवावी लागत नाही.


प्रतिसाद ३ : तुर्भ्याचा तंत्रज्ञ

मी होड्यांवरची विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवतो. बांबूचे महत्त्व मी मान्य करतो. तरीही पाच किलोमीटर सतत बांबू टाकणे दोन माणसांना जमत नाही, म्हणून ताईंनी पहिला मोठा खर्च खोली मोजणाऱ्या यंत्रावर करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हे यंत्र पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते आणि तळावरून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणून तीन मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला फक्त चार सहस्रांश सेकंद लागतात. घेताना २०० किलोहर्ट्झवर चालणारे आणि उथळ पाण्यात, अगदी अर्ध्या मीटरपर्यंत, स्थिर आकडा देणारे यंत्र घ्यावे. ५० किलोहर्ट्झची ध्वनिलहर मऊ गाळाच्या आत शिरते आणि खालच्या घट्ट थरावरून परतते, त्यामुळे आहे त्याहून जास्त खोली दिसू शकते. आपल्या खाडीत ही चूक थेट चिखलात नेऊन बसवते. दुकानदार बहुधा ‘तीनशे मीटरपर्यंत मोजते’ अशी जाहिरात करतात, पण आपल्याला दोन मीटरच्या आतले मोजायचे आहे.

ताईंची होडी फायबरची आहे. तळाचा थर सलग फायबरचा असेल तर ध्वनिग्राहक, म्हणजे ठोका सोडणारा आणि ऐकणारा भाग, आतून चिकटवूनही चालतो आणि तळाला भोक पाडावे लागत नाही. दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर मात्र आवाज आरपार जात नाही, तेव्हा तो मागच्या फळीवर बाहेरूनच बसवावा लागतो. चिकटवताना खाली हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये. बसवल्यावर शांत पाण्यात बांबूने मोजून आकडा ताडून पाहावा आणि ध्वनिग्राहक पाण्याच्या पृष्ठभागापासून जितका खाली असेल तितका फरक यंत्रात भरून ठेवावा. धोक्याची घंटा दीड मीटरवर लावावी. घंटा वाजली की मधली फळी वर ओढायची नाही, तर आधी होडी वळवायची आणि खोल पाण्याकडे तोंड झाल्यावरच फळीचा विचार करायचा. फळी वर घेतली की शिडाची होडी वाऱ्यासमोर टिकत नाही, आडवी सरकते. ताईंच्या बाबतीत नेमके तेच झाले.

आता फोन आणि चार्टप्लॉटर यांच्याविषयी. जागा दाखवण्याच्या अचूकतेत दोघांत आज विशेष अंतर उरलेले नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली, तेव्हापासून उघड्या आकाशाखाली काही मीटरांची अचूकता सगळ्यांनाच मिळते. आपल्या ‘नाविक’ या भारतीय उपग्रह दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून फोनमध्ये सर्रास वापरली जाणारी एल-१ ही लहरही नाविकमध्ये आली. हे सगळे चांगलेच आहे, पण नकाशावरचा चिखल शेवटचा मोजला तेव्हाचा आहे आणि त्यानंतर दर पावसाळ्यात गाळ सरकला आहे. दोन मीटर अचूक जागा जुन्या खोलीवर मांडून आपण सुरक्षित होत नाही.

फोनची खरी अडचण हाताळणीची आहे. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, खारे पाणी उडाले की पडदा स्वतःहूनच दाबल्यासारखा वागतो, आणि एप्रिलच्या दुपारी बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो. आयपीएक्स-७ या मानांकनाचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटे, इतकाच आहे. नेटवर्क नसतानाही फोनचा जीपीएस चालतो, मात्र नकाशा आधीच उतरवून ठेवलेला हवा. दुसरा पर्याय पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, बटणांच्या हातातल्या जीपीएसचा. त्याचा पडदा लहान आणि नकाशा साधा असतो, पण ओल्या बोटांनी चालतो आणि सेल बदलता येतात. मी स्वतः हाच वापरतो.

पाच-सात इंची प्लॉटर घ्यायचाच असेल तर आधी विजेचा हिशेब करावा. तो १२ व्होल्टवर साधारण एक अॅम्पिअर घेतो असे धरा. सात अॅम्पिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. घारापुरीला जाऊन येण्यास ते पुरत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकीही असते आणि जास्त उतरवताही येते, पण ती पाणी न शिरणाऱ्या डब्यात, फ्यूजसकट आणि होडी कलली तरी हलणार नाही अशी बांधलेली हवी.


प्रतिसाद ४ : वाशीकर

माझा अनुभव सावधगिरीसाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून परदेशी बनावटीचा प्लॉटर घेतला. ‘यात जगभराचे नकाशे आहेत’ असे मला सांगण्यात आले होते. होडीवर लावल्यावर कळले, की त्यात किनाऱ्याची नुसती ढोबळ रेघ होती आणि ठाणे खाडी वाशीच्या आधीच संपत होती. आपल्या भागाच्या तपशीलवार नकाशाचे कार्ड वेगळे विकत घ्यावे लागते, ही गोष्ट पैसे देईपर्यंत कोणी सांगितली नाही आणि यंत्र परत घेण्यासही दुकानाने नकार दिला. घेण्याआधी दुकानातच यंत्र सुरू करून नेरुळच्या धक्क्यावर पडदा मोठा करून बघा. खोलीचे आकडे दिसत नसतील तर ते यंत्र आपल्या उपयोगाचे नाही.


प्रतिसाद ५ : नेरुळची शीडवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. फळीबद्दलचे वाक्य मी होडीवर लिहून चिकटवणार आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. माझी मावसबहीण परदेशातून उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र आणून द्यायला तयार आहे. ते घ्यावे का? आणि घारापुरीच्या वाटेवर मोठी जहाजे असतात, त्यांच्यासाठी एआयएस, म्हणजे जहाजांची जागा एकमेकांना रेडिओवरून कळवणारी यंत्रणा, आवश्यक आहे का?


प्रतिसाद ६ : निवृत्त नौकाधिकारी, ठाणे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. आपल्या देशात उपग्रह फोन आणि त्याच प्रकारची संदेशयंत्रे परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे, आणि विमानतळावरच प्रवाशांना ताब्यात घेतल्याची उदाहरणे आहेत. बहिणीला तसे आजच कळवावे.

आपल्या अंतरासाठी हातातला, पाण्यावर तरंगणारा व्हीएचएफ संच, म्हणजे बोलण्याचा रेडिओ, योग्य आहे. त्यालाही परवाना लागतो, तो रीतसर काढावा. १५६.८ मेगाहर्ट्झचा चॅनेल १६ हा हाक मारण्याचा आणि संकटाचा चॅनेल आहे. त्याची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, म्हणून उंचीला महत्त्व आहे. पाण्यापासून एक मीटरवर धरलेल्या संचाचा आवाज २५ मीटर उंच अँटेना असलेल्या जहाजाला सुमारे २४ किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतो, पण आपल्यासारख्याच दुसऱ्या होडीला जेमतेम आठ किलोमीटरवरून. म्हणून बोलताना उभे राहावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही फोनमध्ये असावा, कारण खाडीत मोबाइलचे नेटवर्क बहुतेक ठिकाणी मिळते.

एआयएस संदेश पाठवणारे यंत्र आपल्याला आत्ता आवश्यक नाही. इंटरनेटवरून जहाजे दाखवणारी अॅप मात्र टक्कर टाळण्यासाठी कधीही वापरू नयेत. त्यांवरची माहिती काही मिनिटे शिळी असू शकते. १२ नॉट वेगाचे जहाज मिनिटाला ३७० मीटर जाते, म्हणजे तीन मिनिटांपूर्वीच्या ठिपक्यापासून ते किलोमीटरभर पुढे आलेले असते. शिवाय लहान मासेमारी होड्यांवर बहुधा एआयएस नसतेच. दिसलेल्या जहाजाची दिशा हातातल्या होकायंत्राने दर दोन मिनिटांनी घ्यावी. दिशा बदलत नसेल आणि जहाज मोठे होत असेल, तर ते आपल्यावरच येत आहे.

अरुंद जलमार्गात आपली होडी शिडाची असली तरी हक्क तिचा नसतो. समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो, की २० मीटरहून लहान होडीने आणि शिडाच्या होडीने फक्त त्या मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाच्या आड येऊ नये. न्हावा शेव्याकडे जाणारा खोदलेला मार्ग काटकोनात आणि वारा चांगला असतानाच ओलांडावा. वाऱ्याने दगा दिला तर वल्ही हाताशी हवीत. ट्रॉम्बेच्या किनाऱ्यापासूनही दूर राहावे, तिथे अणुसंशोधन केंद्र आहे आणि चूक झाली असे सांगून सुटका होत नाही. डोलकाठीवर टांगण्याचा रडार परावर्तक स्वस्त मिळतो, तो घ्यावा. फायबरची होडी रडारवर जवळजवळ दिसत नाही.


प्रतिसाद ७ : दिवाळे कोळीवाडा

काकांच्या होकायंत्राला एक जोड देतो. दोन खुणा एका रेषेत धरून चालायची सवय लावा. जवळची एक इमारत आणि तिच्यामागे पारसिकच्या डोंगराचा एखादा खळगा, अशी जोडी धरली आणि पुढची खूण मागच्या खुणेवरून सरकू लागली, की पाणी तुम्हाला आडवे नेते आहे हे लगेच कळते. होडीचे तोंड बरोबर दिशेला असते, म्हणून नुसत्या होकायंत्रावर हे लक्षात येत नाही. नवीन उंच इमारती रोज होत आहेत, तेव्हा खुणा दरवर्षी तपासून घ्या.


प्रतिसाद ८ : नेरुळची शीडवाली

निर्णय घेतला आणि पहिली चाचणीही झाली, म्हणून लिहिते.

भरतीचा तक्ता, होकायंत्र आणि पट्टे मारलेला बांबू आधी आले. त्यानंतर २०० किलोहर्ट्झचे खोलीमापक बसवले. आमच्या होडीचा तळ सलग फायबरचा निघाला, त्यामुळे ध्वनिग्राहक आतून चिकटवता आला. व्हीएचएफच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, आणि परवाना हाती येईपर्यंत वाशीच्या पुलाखालच्या पट्ट्यातच फिरणार आहोत. पेन्सिल सेलचा जीपीएस एका ओळखीच्या व्यक्तीकडून वापरलेला मिळाला. प्लॉटर या वर्षी घेणार नाही.

रविवारी अष्टमी होती, भांगाचे पाणी. जानेवारीत जिथे बसलो होतो त्याच जागी मुद्दाम गेलो, मात्र या वेळी भरती चढत असताना, म्हणजे अडकलो असतो तरी पाण्यानेच उचलले असते. भाऊ नाळेवर बांबू घेऊन उभा होता. यंत्राने १.२ मीटर दाखवले. ध्वनिग्राहक पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटर आहे, म्हणजे पाणी १.३५. बांबूने १.६ सांगितले. मधला पाव मीटर म्हणजे बांबू ज्यात शिरला तो मऊ गाळ. वर ओढताना तो इतका चिकटला की भावाला दोन्ही हात लावावे लागले. दहा मीटर पश्चिमेला सरकल्यावर बांबू अलगद निघाला आणि यंत्र १.९ दाखवू लागले. उथळ भागाची कड इतकी जवळ होती, हे त्या रात्री सात तास बसूनही आम्हाला कळले नव्हते.

या जागांची मी वही सुरू केली आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, तिथी, घड्याळातली वेळ, यंत्राचा आकडा, बांबूचा आकडा आणि कोणत्या दोन खुणा एका रेषेत होत्या ते लिहिते. ऐरोली ते वाशी या पट्ट्यात आणि पनवेल खाडीच्या तोंडाशी ज्यांनी असे मोजले असेल, त्यांनी याच क्रमाने इथे नोंदी टाकाव्यात. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्याच जागा पुन्हा मोजून मी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देईन.